जनुके, मेंदूची लवचिकता आणि स्मरणशक्ती : 'खाण तशी माती' या समजुतीला विज्ञानाचे उत्तर

कोलकाता : शहराच्या पूर्व कडेने जाणाऱ्या ईस्टर्न मेट्रोपॉलिटन बायपासला पार्क सर्कसच्या बाजूने येऊन मिळणाऱ्या रस्त्याचे नाव 'जे. बी. एस. हाल्डेन ॲव्हेन्यू' असे आहे. १९९७ मध्ये खुल्या झालेल्या सायन्स सिटीचा पत्ता हाच. शाळांच्या सहलींच्या बसगाड्या ज्या रस्त्याने येतात, त्या रस्त्याला ज्यांचे नाव आहे त्या शास्त्रज्ञाने त्याच मुलांच्या पालकांना नेहमी पडणाऱ्या एका प्रश्नावर महत्त्वाचे काम करून ठेवले आहे. मूल चटकन शिकते किंवा शिकत नाही, पाठ केलेले लक्षात ठेवते किंवा विसरते, यात जन्मजात किती आणि घडवलेले किती, हा तो प्रश्न.

ब्रिटनमध्ये जन्मलेले जनुकशास्त्रज्ञ हाल्डेन १९५७ मध्ये लंडनचे युनिव्हर्सिटी कॉलेज सोडून कोलकात्यास आले आणि प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी स्थापन केलेल्या भारतीय सांख्यिकी संस्थेत रुजू झाले. त्यांनी पुढे भारतीय नागरिकत्व स्वीकारले. १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वर येथे त्यांचे निधन झाले. भारतात येण्यापूर्वी, १९४६ मध्ये, त्यांनी निसर्ग आणि संगोपन यांच्या परस्परक्रियेवर एक शोधनिबंध लिहिला. तो ज्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला त्याच्या नावातच तेव्हा 'युजेनिक्स' हा शब्द होता, म्हणजे उत्तम वंशाची निपज करण्याचे स्वप्न पाहणारे शास्त्र. त्याच व्यासपीठावरून हाल्डेन यांनी त्या स्वप्नाच्या पायाभूत गृहीतकाला हादरा दिला.

त्यांचा दाखला गुरांचा होता. इंग्लंडच्या भरघोस कुरणात जर्सी गाय स्कॉटलंडच्या डोंगरी गाईपेक्षा अधिक दूध देते. स्कॉटलंडच्या थंड, उजाड माळावर मात्र हा क्रम उलटू शकतो. मग अधिक चांगली गाय कोणती? कुरण कोणते, हे सांगितल्याशिवाय या प्रश्नाला उत्तर नाही. हाल्डेन यांनी ही गोष्ट गणितात मांडली. दोन जनुकप्रकार आणि दोन परिसर घेतले तरी त्यांच्या परिणामांच्या क्रमवारीचे सहा वेगवेगळे प्रकार संभवतात. तीन जनुकप्रकार आणि तीन परिसर घेतल्यास ही संख्या १०,०८० होते. 'बुद्धी इतके टक्के आईवडिलांची आणि इतके टक्के शाळेची' या धर्तीची वाटणी एका विशिष्ट मुलाच्या बाबतीत करता येत नाही, ती या कारणाने.

मराठीत 'खाण तशी माती' म्हणतात. गेल्या अर्धशतकातील मेंदूविज्ञानाने खाणीचे महत्त्व नाकारलेले नाही, उलट तिच्यातील अनेक थर उघडून दाखवले आहेत. मात्र माती घडते कशी, याचे उत्तर म्हणीइतके सरळ राहिलेले नाही.

मेंदू बदलतो म्हणजे काय

प्रौढ माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात. प्रत्येक पेशी इतर अनेक पेशींशी सूक्ष्म सांध्यांनी जोडलेली असते आणि या सांध्यांना सिनॅप्स म्हणतात. नवे काही शिकताना पेशींची संख्या फारशी वाढत नाही, बदलतात ते हे सांधे. काही बळकट होतात, काही क्षीण होतात, काही नव्याने तयार होतात. मेंदूच्या या गुणाला लवचिकता म्हणतात. स्पेनचे सांतियागो रामोन इ काहाल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही कल्पना मांडली आणि कॅनडाचे डोनाल्ड हेब यांनी १९४९ मध्ये तिला नियमाचे रूप दिले. दोन पेशी वारंवार एकामागून एक उद्दीपित झाल्या, तर त्यांच्यातील सांधा बळकट होतो, असा तो नियम. १९७३ मध्ये टिमोथी ब्लिस आणि तेर्ये ल्योमो यांनी सशाच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस या भागात असे बळकटीकरण प्रत्यक्ष मोजले. थोड्या वेळच्या विद्युत उद्दीपनानंतर ते कित्येक तास टिकून राहिले होते.

येथे जनुकांचा प्रवेश होतो. बहुतेकांच्या मनात जनुक म्हणजे जन्माच्या वेळी हाती पडलेली आणि नंतर कपाटात ठेवून दिलेली सनद असते. प्रत्यक्षात पेशी हा मजकूर सतत वाचत असते, केव्हा कोणते पान उघडायचे ते ठरवत असते आणि त्यानुसार प्रथिने तयार करत असते. अमेरिकी शास्त्रज्ञ एरिक कँडेल यांनी समुद्री गोगलगाईवर, म्हणजे अ‍ॅप्लिसियावर, केलेल्या कामातून हे स्पष्ट झाले. या प्राण्याच्या मज्जासंस्थेत जेमतेम २० हजार चेतापेशी असतात आणि त्या इतक्या मोठ्या असतात की एकेकीचा मागोवा घेता येतो. शेपटीला एकदा धक्का दिला तर गोगलगाय थोडा वेळ सावध राहते. त्यासाठी पेशीत आधीपासून असलेल्या प्रथिनांतील रासायनिक बदल पुरेसे ठरतात. तोच धक्का पुन्हा पुन्हा, मध्ये विश्रांती देत दिला, तर सावधपणा अनेक दिवस टिकतो. या दुसऱ्या प्रकारात संदेश पेशीच्या केंद्रकापर्यंत पोहोचतो, क्रेब नावाचे प्रथिन काही जनुके सुरू करते, नवी प्रथिने तयार होतात आणि सांधे वाढतात. नव्या प्रथिनांची निर्मिती रोखली तर अल्पकालीन स्मृती शाबूत राहते, पण दीर्घकालीन स्मृती तयारच होत नाही. या संशोधनासाठी कँडेल यांना २००० चे नोबेल पारितोषिक अन्य दोघांसह विभागून मिळाले.

अनुभव जनुकांना कामाला लावतो आणि ती जनुके मेंदूची रचना बदलतात, हा दुहेरी व्यवहार लक्षात घेतला की निसर्ग विरुद्ध संगोपन हा जुना वाद बराच विरतो. परीक्षेच्या आदल्या रात्री घोकलेले आठवडाभरात विसरते आणि अंतरा-अंतराने उजळणी केलेले टिकते, या शिक्षकांच्या जुन्या अनुभवामागेही काही अंशी हीच यंत्रणा आहे.

मंद माशी आणि मुंबईची प्रयोगशाळा

कोणते जनुक काय करते, हे कळण्याचा एक मार्ग म्हणजे ते बिघडल्यावर काय होते ते पाहणे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये सेमूर बेन्झर यांनी फळमाशीवर हा मार्ग अवलंबला. केळी पिकली की स्वयंपाकघरात घिरट्या घालणारी हीच ती चिमुकली माशी. तिला एका वासाबरोबर सौम्य विजेचा झटका दिला की ती तो वास टाळायला शिकते. १९७६ मध्ये बेन्झर यांच्या गटाने अशी एक उत्परिवर्तित माशी जाहीर केली, जिला वासही येत होता, झटकाही जाणवत होता, पण दोहोंचा संबंध लक्षात राहत नव्हता. तिला 'डन्स', म्हणजे ढ, असे नाव मिळाले.

पुढे उलगडा झाला तो असा. डन्स जनुक एक विकर तयार करते आणि ते विकर पेशीतील सायक्लिक एएमपी या संदेशवाहक रेणूचे विघटन करते. ते बिघडले की हा रेणू पेशीत साचत जातो. 'रूटाबागा' नावाच्या दुसऱ्या विस्मरणशील माशीत नेमके उलटे आढळले, तेथे हा रेणू तयार करणारे विकरच सदोष होते. म्हणजे रेणू जास्त झाला तरी शिकणे बिघडते आणि कमी झाला तरी बिघडते. गोगलगाईच्या स्मृतीतही हाच रेणू कळीचा ठरला होता. इतक्या दूरच्या प्राण्यांत एकच यंत्रणा सापडणे याचा अर्थ स्मृतीची ही रासायनिक मुळे उत्क्रांतीत फार जुनी आहेत.

या परंपरेची एक शाखा मुंबईत रुजली. होमी भाभा यांच्या निमंत्रणावरून ओबेद सिद्दिकी यांनी १९६२ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेणवीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला. पुढे त्यांनी बेन्झर यांच्यासमवेत फळमाशीच्या अशा उत्परिवर्तनांवर काम केले, ज्यांत तापमान वाढताच माशी लुळी पडते. मुंबईत परतल्यावर त्यांनी वास आणि चव यांच्या जनुकांकडे लक्ष वळवले. त्यांच्या विद्यार्थिनी व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांचा जन्म केनियात गोमंतकीय कुटुंबात झाला होता. वास न ओळखणाऱ्या माश्यांवरील त्यांचे काम या क्षेत्रात पायाभूत मानले जाते. माशी काय हुंगते हे कळल्याशिवाय ती काय शिकते हे कळणार नव्हते. कुलाब्याच्या प्रयोगशाळेतील हा अध्याय मराठी वाचकांना जितका ठाऊक असायला हवा, तितका नाही.

माशीनंतर उंदीर. १९९९ मध्ये अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठात जो त्सिएन यांच्या गटाने सिनॅप्समधील एका ग्राहक प्रथिनाचा एनआर२बी हा घटक अधिक प्रमाणात तयार करणारा उंदीर जन्माला घातला. स्मरणाच्या अनेक चाचण्यांत तो सामान्य उंदरांपेक्षा सरस ठरला आणि 'हुशार उंदीर' म्हणून वृत्तपत्रांच्या पहिल्या पानांवर झळकला. दोन वर्षांनी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासाला तेवढी जागा मिळाली नाही. त्यात आढळले होते की अशा उंदरांना रेंगाळणारी वेदनाही अधिक जाणवते. स्मृती पक्की करणारी यंत्रणा दुखणेही पक्के करते. बुद्धी वाढवणाऱ्या जनुकांच्या चर्चेत ही बाजू सहसा येत नाही.

एक जनुक, मोठा परिणाम

माणसात एकाच जनुकाच्या बिघाडाने शिकण्याची क्षमता मोठ्या प्रमाणात बाधित होते, अशी उदाहरणे पुष्कळ आहेत. फ्रॅजाइल एक्स हे त्यांतील प्रमुख. एक्स गुणसूत्रावरील एफएमआर१ या जनुकात तीन अक्षरांचा एक तुकडा पुन्हा पुन्हा येतो. सामान्यतः ही पुनरावृत्ती ४५ पेक्षा कमी वेळा असते. ती २०० च्या पुढे गेली की जनुक बंद पडते. त्याचे प्रथिन सिनॅप्सजवळील प्रथिननिर्मितीला लगाम घालत असते. तो लगाम सुटला की सांधे अपक्व राहतात. मुलग्यांमध्ये हा विकार अधिक तीव्र असतो, कारण त्यांच्याकडे एकच एक्स गुणसूत्र असते. १९९१ मध्ये जनुक सापडल्यानंतर उंदरांत ही अवस्था औषधाने सुधारल्याचे दिसले आणि मोठ्या आशा निर्माण झाल्या. माणसांवरील मोठ्या चाचण्यांत मात्र ती औषधे अपयशी ठरली. उंदराच्या पिंजऱ्यापासून दवाखान्यापर्यंतचे अंतर किती आहे, याचा हा धडा संशोधकांना महाग पडला.

रुबिन्स्टाइन-टेबी हा दुर्मीळ विकार दुसरी गोष्ट सांगतो. त्यात बहुतांश वेळा सीबीपी या प्रथिनाच्या जनुकाची एक प्रत सदोष असते. क्रेबच्या सोबतीने डीएनएची गुंडाळी सैल करून जनुके वाचण्याजोगी करणे हे या प्रथिनाचे काम आहे. म्हणजे येथे मजकूर ठीक असतो, पाने उघडणारा हात दुबळा असतो. बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रातील तपस कुंडू यांच्या गटाने फ्रान्समधील संशोधकांसह २०१३ मध्ये असा एक रेणू सादर केला, जो सीबीपी व त्याच्या जातीच्या दुसऱ्या एका प्रथिनाचे कार्य वाढवतो. तो ग्लुकोजपासून बनवलेल्या अतिसूक्ष्म कार्बन गोलकांवर बसवून मेंदूपर्यंत पोहोचवण्यात आला. उंदरांत नव्या चेतापेशींची वाढ आणि दीर्घकाळ टिकणारी स्मृती यांना त्याने चालना दिली.

आणि मग फिनाइलकीटोन्यूरिया. या विकारात एका विकराच्या जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असतात. आहारातील फिनाइलअ‍ॅलनीन हे अमिनो आम्ल साचत जाते आणि बाळाच्या मेंदूला गंभीर इजा होते. विकार शंभर टक्के आनुवंशिक आहे. तरीही जन्मानंतर लगेच तो ओळखून बाळाला ते अमिनो आम्ल अत्यल्प असलेला आहार दिला, तर मूल जवळजवळ सामान्यपणे वाढते. जनुक तेच राहते, ताट बदलते. आनुवंशिक म्हणजे अटळ, असे मानणाऱ्यांसमोर अनेक देशांतील नवजात तपासणी कार्यक्रम हे जिवंत उत्तर म्हणून उभे आहेत.

हजारो जनुके, लहान परिणाम

निरोगी माणसांतील फरकांकडे वळले की चित्र पार बदलते. बीडीएनएफ हे मेंदूतील सांध्यांच्या वाढीस पोषक असे प्रथिन आहे. त्याच्या जनुकातील एका अक्षराच्या फरकामुळे प्रथिनाच्या ६६ व्या जागी व्हॅलिनऐवजी मेथिओनिन येते आणि चेतापेशी सक्रिय झाल्यावर होणारा त्याचा स्राव कमी होतो. २००३ मध्ये एका गाजलेल्या अभ्यासात अशा व्यक्तींना घटना आठवण्याच्या चाचणीत कमी गुण मिळाल्याचे आढळले आणि बीडीएनएफला 'स्मृतीचे जनुक' म्हणण्याची लाट आली. नंतर अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले असता तो परिणाम कोठे अगदी लहान निघाला, तर कोठे दिसेनासा झाला. तरीही मुलांच्या 'प्रतिभा चाचणी'च्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या जनुक अहवालांत असे सुटे फरक ठळक अक्षरांत छापले जातात.

एकेका जनुकामागे धावण्यापेक्षा संपूर्ण जनुकसंचाची छाननी करावी, असे आता मानले जाते. २०२२ मध्ये सुमारे ३० लाख व्यक्तींच्या माहितीवर आधारित अभ्यास प्रसिद्ध झाला. शिक्षणाच्या वर्षांशी संबंध दाखवणारी जवळपास ४,००० स्थाने त्यात सापडली. या सर्वांचा एकत्रित अंक काढला, तर व्यक्ती-व्यक्तींमधील शिक्षणाच्या फरकापैकी १२ ते १६ टक्के भाग त्याच्याशी जुळतो. आकडा लहान नाही, पण त्याचा अर्थ जपून लावावा लागतो. सख्ख्या भावंडांची तुलना केली की हा परिणाम बराच उतरतो, कारण आईवडिलांची जनुके मुलांना केवळ वारशाने मिळत नाहीत, ती घरातील वातावरणही घडवतात. पुस्तके असलेले घर हाही एक वारसा असतो, पण तो डीएनएत लिहिलेला नसतो.

भारतीय वाचकांसाठी याहून महत्त्वाची अडचण वेगळी आहे. ते ३० लाख लोक युरोपीय वंशाचे होते. त्यांच्यावरून काढलेला अंक इतर लोकसमूहांना लावला की त्याची अचूकता घसरते. भारतात शेकडो समाजांनी पिढ्यानपिढ्या आपापसांत विवाह केल्यामुळे येथील जनुकीय विविधता वेगळ्या ठेवणीची आहे. ती नोंदवण्याचे मोठे काम आता कोठे सुरू झाले आहे. जीनोम इंडिया प्रकल्पात सुमारे १०,००० भारतीयांचे संपूर्ण जनुकसंच वाचण्यात आले आणि जानेवारी २०२५ मध्ये ही माहिती संशोधकांसाठी उपलब्ध करण्यात आली. कोलकात्यापासून जवळच असलेल्या कल्याणी येथील राष्ट्रीय जैववैद्यकीय जीनोमिक्स संस्थेचा या प्रकल्पात सहभाग आहे. हे संकलन आजारांच्या अभ्यासासाठी अनमोल आहे. त्यावरून पहिलीतल्या मुलाचा दहावीचा निकाल सांगता येईल, असा दावा मात्र कोणताही जबाबदार संशोधक करत नाही.

बोटाचा ठसा आणि बुद्धी

असे दावे बाजारात मात्र सर्रास होतात. त्यांतील एक प्रकार कोलकात्याच्या इतिहासाशी विचित्र रीतीने जोडला गेला आहे. १८५८ मध्ये बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने एका कंत्राटदाराकडून करारावर पंजाचा ठसा घेतला आणि ठशांचा प्रशासकीय वापर येथून पुढे वाढत गेला. १८९७ मध्ये जगातील पहिले अंगुलिमुद्रा केंद्र कोलकात्यात सुरू झाले. एडवर्ड हेन्री यांच्या नावाने जगभर रूढ झालेली ठसे-वर्गीकरणाची पद्धत प्रत्यक्षात घडवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय पोलीस अधिकाऱ्यांचा मोठा वाटा होता.

आज काही कंपन्या बोटांच्या ठशांवरून मुलाची उपजत बुद्धिमत्ता, शिकण्याची शैली आणि योग्य अभ्यासशाखा सांगण्याची चाचणी विकतात. 'डर्मॅटोग्लिफिक्स मल्टिपल इंटेलिजन्स टेस्ट' हे तिचे भारदस्त नाव. युक्तिवाद असा केला जातो की त्वचा आणि मेंदू गर्भाच्या एकाच थरातून आणि साधारण एकाच काळात घडतात, म्हणून एकाचा नकाशा दुसऱ्यात उमटतो. पहिला भाग खरा आहे. डाउन सिंड्रोमसारख्या गुणसूत्रीय विकारांत तळहातावरील रेषा वेगळ्या असू शकतात, हेही खरे. पण तेथून मुलाला वाणिज्य शाखा झेपेल की विज्ञान, या निष्कर्षापर्यंत नेणारा कोणताही पूल नाही. मनोविकारतज्ज्ञांच्या इंडियन सायकिअ‍ॅट्रिक सोसायटी या संघटनेने या चाचणीला वैज्ञानिक आधार नसल्याचे जाहीरपणे म्हटले आहे.

मौज अशी की हा शोध सव्वाशे वर्षांपूर्वी घेऊन झाला होता. बुद्धिमत्ता आनुवंशिक असते असे ठामपणे मांडणारे फ्रान्सिस गाल्टन हेच ठशांचेही आद्य अभ्यासक. ठशांत वंशाची किंवा बुद्धीची खूण सापडेल, अशी त्यांना आशा होती. १८९२ च्या आपल्या ग्रंथात, तशी खूण सापडली नाही, हे त्यांनीच प्रांजळपणे नोंदवले. ठसे गर्भावस्थेतच पक्के होतात आणि आयुष्यभर बदलत नाहीत, म्हणून ते ओळख पटवण्यास उपयोगी पडतात. मेंदूतील सांधे आयुष्यभर बदलतात, म्हणून माणूस शिकतो.

कुरण कोणते

हाल्डेन यांच्या गाईंची गोष्ट उंदरांनी प्रयोगातून सिद्ध केली. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात निवडक प्रजननाने उंदरांची दोन कुळे तयार करण्यात आली होती, एक भूलभुलैयात लवकर वाट शोधणारे आणि दुसरे चुकणारे. १९५८ मध्ये रॉड कूपर आणि जॉन झुबेक यांनी दोन्ही कुळांतील पिल्ले वेगवेगळ्या परिसरांत वाढवली. साध्या पिंजऱ्यांत हुशार कुळाने सरासरी सुमारे ११७ चुका केल्या आणि मंद कुळाने १६४. काहीही नसलेल्या उजाड पिंजऱ्यांत वाढल्यावर दोन्ही कुळांच्या चुका सुमारे १७० वर येऊन ठेपल्या, फरक संपला. बोगदे, उतार, झोके असलेल्या समृद्ध पिंजऱ्यांत हुशारांच्या चुका १११ झाल्या आणि मंद म्हणून वाढवलेल्यांच्या १२०. अनेक पिढ्या जपून केलेली निवड एका बालपणाने जवळजवळ पुसली.

माणसांवर असे प्रयोग करता येत नाहीत, पण जुळ्या भावंडांची तुलना करता येते. अमेरिकेत २००३ मध्ये सात वर्षांच्या जुळ्यांवर झालेल्या अभ्यासात आढळले की सुस्थितीतील कुटुंबांत मुलांच्या बुद्ध्यंकातील फरक बहुतांशी जनुकांशी जुळतात. अत्यंत गरीब कुटुंबांत मात्र जनुकांचा वाटा जवळपास शून्यावर येतो आणि घरच्या परिस्थितीचा वाटा मोठा होतो. हाच नमुना पश्चिम युरोपात आणि ऑस्ट्रेलियात तितका स्पष्ट दिसला नाही. तेथील शाळा आणि आरोग्यसेवा गरिबांपर्यंत अधिक पोहोचतात, हे त्याचे एक संभाव्य स्पष्टीकरण दिले जाते. आनुवंशिकतेचा टक्का हा निसर्गाचा स्थिरांक नाही, तो समाजागणिक बदलतो.

परिसर जनुकांपर्यंत कोणत्या वाटेने पोहोचतो, याचाही माग लागत आहे. मॅकगिलमध्येच मायकेल मीनी आणि मोशे झिफ यांनी २००४ मध्ये दाखवले की ज्या उंदरीण पिल्लांना अधिक चाटतात व जपतात, त्यांच्या पिल्लांत ताणाशी संबंधित एका जनुकावरील रासायनिक खुणा वेगळ्या असतात आणि मोठेपणी ती ताण अधिक चांगला पेलतात. पिल्लांची अदलाबदल केली तर खुणाही पालनकर्त्या आईप्रमाणे ठरतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विदिता वैद्य यांची प्रयोगशाळा याच प्रांतात काम करते. बालपणीचा ताण आणि सेरोटोनिन हे चेतारसायन यांचा भावनांच्या मेंदूजालावर होणारा परिणाम हा त्यांचा विषय असून, त्यांना २०२२ चा इन्फोसिस पुरस्कार मिळाला आहे.

बंगालच्या पाण्यातही या विषयाचा एक नमुना पोहतो आहे. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ च्या गंगेतील माशांवरील ग्रंथात एका बोटभर, पट्टेरी माशाचे वर्णन केले. काही काळ कोलकात्याच्या वनस्पती उद्यानाची देखरेख त्यांच्याकडे होती. तोच झेब्राफिश आज जगभरच्या जनुकशास्त्राच्या प्रयोगशाळांत आहे. माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांना त्याच्यात प्रतिरूप सापडते आणि त्याचा मेंदू इजा झाल्यावर स्वतःला मोठ्या प्रमाणात दुरुस्त करतो. परदेशी प्रयोगशाळांतील मासे पिढ्यानपिढ्या काचेच्या टाक्यांत वाढलेले असतात. नदिया जिल्ह्यातील मोहनपूर येथील आयसर कोलकाता संस्थेत मात्र नैसर्गिक पाणवठ्यांतून आणलेल्या झेब्राफिशच्या वेगवेगळ्या समूहांचे धाडस, शिकणे आणि स्मरण अभ्यासले जाते.

मुलांच्या शिकण्यावर जनुकांइतकाच, पण कमी चर्चिला जाणारा परिणाम करणारे घटक साधे आहेत. गर्भावस्थेत आईच्या आहारात आयोडीन कमी पडले तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते. हिमाचलमधील कांगडा खोऱ्यात व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासातून आयोडीनयुक्त मिठाने गलगंड कमी होतो, हे सिद्ध झाले आणि १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. पूर्वी ज्या भागांत मतिमंदत्व कुळातच आहे असे समजले जाई, त्यांपैकी काही ठिकाणी कमतरता मिठातली होती.

म्हणूनच मूल उशिरा बोलू लागले किंवा शाळेत फार मागे पडू लागले, तर बालरोगतज्ज्ञ प्रतिभा चाचणीच्या अहवालापासून सुरुवात करत नाहीत. श्रवण, दृष्टी, रक्तक्षय आणि थायरॉइड यांची तपासणी आधी होते. त्यानंतर लक्षणे आणि कुटुंबाचा इतिहास पाहून गरज वाटल्यास फ्रॅजाइल एक्ससारख्या नेमक्या जनुकीय चाचण्या सुचवल्या जातात. त्यातून निदान निघाले तर पुढील अपत्याबाबत समुपदेशनही करता येते. भारतात साधारण हजार-दीड हजार बाळांमागे एक जन्मजात थायरॉइडच्या कमतरतेसह जन्माला येते. जन्मानंतर काही दिवसांत टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबांवरून ती ओळखता येते. पहिल्या दोन आठवड्यांत थायरॉक्सिनची गोळी सुरू केली तर मेंदूची वाढ सहसा सुरळीत होते. गोळी स्वस्त आहे. देशातील सर्व बाळांची ही तपासणी मात्र अद्याप होत नाही.